साळूबाईंच्या कुलपाचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाच्या साळिंदरबाई राहायच्या. त्यांचं सुक्या बोरांचं छोटंसं दुकान होतं. अंगावर हे एवढाले काटे. दुपारी दाराकडे पाठ करून त्या आडव्या झाल्या, की आत पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. पावसाळ्याची सगळी भिस्त त्या बोरांवर होती.

पण शेजारच्या खारीचं दुकान लुटलं गेलं आणि साळूबाईंची दुपारची झोप उडाली. तेवढ्यात व्यापारी सुरक्षा समितीचा चिटणीस कावळा येऊन टपकला.

"गिऱ्हाइकापुढे काटे काढून बसता? शोभतं का हे? जरा सुधारा. कुलूप लावा आणि दुपारी घरी जाऊन पडा."

कुलूप आलं. आता ते मुकाट्यानं लावून टाकावं की नाही? छे, उद्घाटन नको का? समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब तरस प्रमुख पाहुणे. त्यांना दोनच तास उशीर झाला, म्हणजे वेळेवरच आले म्हणायचं.

तबकात शाल, नारळ आणि किल्ली. भाऊसाहेबांनी कुलूप उघडलं, किल्ली परत तबकात ठेवली. टाळ्या झाल्या. मग सत्कारासाठी साळूबाईंनी तेच तबक पुढे केलं. भाऊसाहेबांनी शाल खांद्यावर घेतली, नारळ काखेत मारला आणि किल्ली खिशात टाकली.

"अहो, किल्ली तेवढी..." साळूबाई पुटपुटल्या.

"सत्कारात दिलेलं परत मागतात का?" कावळा त्यांच्या कानाशी खेकसला. "दुसरी आहे ना कमरेला?"

साळूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगभर काटे, पण स्वभाव भिडस्त.

चार दिवसांनी दुपारची झोप काढून त्या दुकानात आल्या. कुलूप जागच्या जागी. आत मात्र एक बोर शिल्लक नाही. आता पावसाळाभर खायचं काय?

चौकशीला भाऊसाहेब जातीनं आले. दाढेत अडकलेली बोराची साल काडीनं कोरत त्यांनी कुलूप हलवून पाहिलं.

"कुलूप शाबूत आहे. म्हणजे चोरी झालेलीच नाही."

"मग माझी बोरं कुठे गेली?"

"तो प्रश्न कुलपाच्या कक्षेत येत नाही," म्हणून ते खो खो हसले.

असं कुलूप सबंध जंगलात नाही, असं कावळ्यानं लगेच जाहीर केलं. तेव्हा कुलपाचा सत्कार व्हायलाच हवा. पाहुणे आयते हजर होते. साळूबाईंच्या हातात पुन्हा तबक आलं. द्यायला शाल नव्हती, नारळ नव्हता. त्यांनी कमरेची किल्ली सोडवून तबकात ठेवली.

भाऊसाहेबांनी ती बाजूला सारली. "रिकाम्या दुकानाची किल्ली घेऊन आम्ही काय करू?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी काहीच घेतलं नाही, याचं जंगलात फार कौतुक झालं.

तात्पर्य : कुलूप नेहमी भक्कमच घ्यावं. चोरी थांबली नाही, तरी ती झालीच नाही हे त्याच्या जोरावर सिद्ध करता येतं.