बशीतली चार बिस्किटं

मोडका माल घरी आणि अख्खा गिऱ्हाइकाला, हा किराणा दुकानदाराचा पंचवीस वर्षांचा नेम. त्यामुळे दुपारी दुकानामागच्या खोलीत, पोत्यांच्या आड, बशीत चार अख्खी साधी बिस्किटं दिसली तेव्हा त्याला चोरी सापडल्यासारखा आनंद झाला. (स्वतःच्याच दुकानात चोरून खाण्याची मजा ज्याने घेतली नाही, त्याने धंदा केलाच नाही.) सकाळीच शाळेतल्या बाईंना त्याने मोठ्या डब्यातली हीच बिस्किटं ‘ताजा माल’ म्हणून दिली होती. एकच चहात बुडवू, असं ठरलं. पहिलं मोडून कपात पडलं. ते काढायला दुसरं घातलं, तेही गेलं. मग तिसरं. शेवटी तळाचा लगदा त्याने बोटाने पुसून खाल्ला.

तेवढ्यात बायको आली.

“इथली बशी कुणी हलवली?”

“का गं?”

“उंदरांना लावली होती. पावडर चोळून.”

“कुठली पावडर?”

“आपलीच. चिमटीभर घाला नि खेळ खलास, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, ती.”

दुकानदाराच्या पोटात काहीतरी गुरगुरलं. (ते रोजच गुरगुरायचं. आज त्यात त्याला निरोपाचा सूर ऐकू आला.) मग एकदम समोरचा शिंपी आठवला. गेल्याच आठवड्यात तो चारचौघांत म्हणाला होता, “शेठ, तुमच्या पावडरीने उंदीर मरत नाहीत, बाळसं धरतात.” दुकानदाराने तेव्हा त्याला फैलावर घेऊन हाकललं होतं. आता त्याचाच आधार होता. बायको काहीतरी सांगत असतानाच तो अनवाणी बाहेर पळाला.

“मास्तर, खरं सांगा. तुमचे उंदीर जिवंत आहेत ना?”

शिंप्याला वाटलं, शेठ पुन्हा भांडायला आले. त्याने मशीन थांबवून हात जोडले. “चुकलं माझं. पटापट मेले. एक तर दारापर्यंतसुद्धा पोचला नाही.”

“नक्की?”

“तुमची शपथ, शेठ.”

“माझी नको रे बाबा,” दुकानदार कसाबसा म्हणाला आणि दवाखान्याकडे धावला.

दवाखान्याच्या बाकावर सगळी त्याचीच गिऱ्हाइकं, शाळेतल्या बाईसुद्धा. डॉक्टरांनी हकिकत ऐकली आणि कपाटातून रबरी नळी काढली. ती हातभरच होती, पण दुकानदाराला गल्लीभर दिसली.

“ही नाकातून पोटात जाईल,” डॉक्टर म्हणाले. “पावडर जालीम आहे ना?”

दार उघडंच होतं. बाकावरची कुजबुज थांबली. हो म्हणावं तर नळी, नाही म्हणावं तर अब्रू. दुकानदाराने अब्रू धरून ठेवली, अगदी नळीचं टोक नाकाला लागेपर्यंत.

“डॉक्टर, खडूची भुकटी असेल हो ती. विकणाऱ्याने दिली, मी विकली. आजवर एक उंदीर मेलेला पाहिला नाही मी.”

“कुणी पाहिलाय?”

“शिंपी म्हणतो, पटापट मेले.”

“मग मान वर करा.”

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. हातात बशी, बशीत चौथं बिस्कीट.

“थांबा डॉक्टर. हे ऐकून न घेताच पळाले. बशी चार दिवसांपूर्वीची आहे. पावडर उंदरांनी पहिल्याच दिवशी चाटून साफ केली. अजून पोत्यांवर हुंदडतायत मेले.”

डॉक्टरांनी बिस्कीट उलटसुलट करून पाहिलं. त्यावर पावडरीचा कण नव्हता. “पावडर खाल्ली, मग बिस्किटं कशी ठेवली?”

“ती आपल्या मोठ्या डब्यातली,” बायको सहज म्हणाली. “उंदरांनी वास घेतला नि सोडून दिली.”

डॉक्टरांनी नळी ठेवली. तरीही खबरदारी म्हणून तासभर बाहेर बसायला सांगितलं. दुकानदार बाकाच्या टोकाला, पोटावर हात ठेवून बसला. मग शाळेतल्या बाईंनी पिशवीतून सकाळचा बिस्किटांचा पुडा काढला आणि हळूच त्याच्या मांडीवर ठेवला.

“राहू द्या तुमच्याकडेच,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला चालतात.”