प्रश्नचिन्हांचा थांबा

"अहो मामा, त्यात काय! एक बटण दाबलं की निकाल हजर! छप्पर तुमचंच समजा!" सासऱ्यांना असं छातीठोक सांगून जावईबापू कामावर निघाले.

बससेवेच्या कचेरीतली आकडेमोड त्यांच्याकडे होती. छप्पर एकाच थांब्याला मंजूर झालेलं, आणि ते प्रवाशांची मागणी सर्वांत जास्त असेल तिथे बसणार होतं. पाण्याच्या टाकीच्या थांब्यासाठी सासऱ्यांनी अख्खी गल्ली पिंजून कचेरीच्या टॅबवर मतं नोंदवून घेतली होती. रोज उन्हात उभं राहून त्यांच्या टकलाचा पार तवा झाला होता.

जावईबापूंनी मतांची फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेतली आणि थांब्यांच्या नावांचा विचका झाला! मराठी गायब, सगळी टोप्या घातलेली परकी अक्षरं! सॉफ्टवेअरने विचारलं, एन्कोडिंग कुठलं? म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत? जावईबापूंनी यादीतलं पहिलंच ठोकून दिलं. मग लांबलचक सूचना आली: काही अक्षरं कायमची नष्ट होतील, चालेल? सूचना वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. 'हो'! जुन्या फाइलवरच सेव्ह करू? 'हो'!

दुपारी बैठकीत कचेरीच्या मोठ्या बाईंनी निकाल वाचायला घेतला आणि त्या अडखळल्या.

"सर्वाधिक मागणी... चार प्रश्नचिन्हं? हा थांबा कुठे आला?"

"नवीन असेल, बाई."

"दुसरा क्रमांक, सहा प्रश्नचिन्हं! मूळ फाइल उघडा."

"तिच्यावरच सेव्ह झालं."

"मग ज्या टॅबवर मतं घेतली, त्यात तरी असतील!"

"तो सकाळीच रिकामा केला. त्याने विचारलं होतं, सगळं पुसू का म्हणून."

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "घ्या तो टॅब! उद्यापासून थांब्याथांब्यावर उभे राहा आणि सगळी मतं पुन्हा आणा!"

दुसऱ्या दिवशी जावईबापू टाकीच्या थांब्यावर घामाने निथळत उभे होते. सासरे आले. त्यांनी आधी वर मोकळ्या आकाशाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"छप्पर कुठाय?"

जावईबापूंनी चाचरत सगळी कहाणी सांगितली आणि टॅब पुढे केला. "मामा, तुम्ही फक्त इथे 'हो' दाबा."

सासऱ्यांनी सावकाश चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला.

"आधी सगळं नीट वाचू द्या. एकदा घाईघाईत 'हो' म्हणून मुलगी देऊन बसलो, तेव्हापासून कानाला खडा लावलाय!"