एकुलता एक बेल्ट

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवारात एक उंच टाकी होती, टाकीच्या भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी शिडी होती आणि त्या शिडीवरून पडण्यास सक्त मनाई होती. ही मनाई सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतः लाल अक्षरांत रंगवून घेतली होती. जे होऊ नये त्याची पाटी लावली की ते होत नाही, अशी साहेबांची श्रद्धा होती.

पाटीच्या जोडीला बेल्टही होता. छातीला आणि मांड्यांना आवळायचे पट्टे, पुढे एक खटका. शिडीलगत वरपासून खालपर्यंत ताणलेल्या तारेवर तो खटका अडकवायचा. माणूस चढेल तसा तो सोबत सरकतो, पाय सुटला की जागच्या जागी धरून ठेवतो. वस्तू महागाची आणि एकुलती एक, म्हणून ती साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात असे. किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब दहाला येत आणि पाणी सोडायला फिटरला टाकीवर पहाटे चढावं लागे.

बेल्टशिवाय शिडीला हात लावेल तो घरी बसेल, असा नियम साहेबांनी काढला आणि गेल्याच महिन्यात एकदा चुकून लवकर आले, तेव्हा बेल्टशिवाय उतरताना दिसलेल्या फिटरला पंधरा दिवस घरी बसवलं.

"साहेब, कपाटाला कुलूप होतं," फिटर म्हणाला होता.

"मग चढायचं नाही."

"आणि पाणी?"

"पाणी वेळेवर सुटलंच पाहिजे. आणि पुन्हा बेल्टशिवाय चढलास, तर कायमचा घरी."

दोन्ही एकदम कसं जमवायचं हा फिटरचा प्रश्न होता, साहेबांचा नव्हता. फिटर परत कामावर आला आणि पहाटे पूर्वीसारखाच चढू लागला. साहेब दहाला येत असल्याने नियम मोडल्याचं कुणाला दिसत नव्हतं, म्हणजे तो पाळला जात होता.

मग मुख्यालयातून तपासनीस यायचे ठरले. साहेबांनी ऐनवेळी शिडीला चकचकीत ऑइलपेंट मारून घेतला. तारेलाही मारला, कारण अर्धवट काम त्यांना खपत नसे. तपासनिसांनी शिडी बघितली, पाटी वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. आता चढून दाखवा. तुम्हीच."

नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी बेल्ट चढवला, पोट आत घेतलं आणि पॉलिश केलेल्या बुटांनी ते शिडी चढू लागले. निम्म्यावर ओल्या रंगावरून बूट घसरला. खटक्याने इमानेइतबारे धरलं. पण तारेवरच्या रंगात तो असा काही रुतला, की साहेबांना वरही जाता येईना आणि खालीही. बूट पायरीवर टेकवावा तर तो पुन्हा घसरे. साहेबांचा पार त्रिशंकू झाला.

"उत्तम," तपासनीस खालून म्हणाले. "बेल्ट काम करतो."

साहेब घाबरले होते. मांड्यांचे पट्टे रुतून पायांना मुंग्या आल्या होत्या. लटकलेल्या माणसाला ताबडतोब खाली घ्यावं, हे त्यांनीच प्रशिक्षणात शिकवलं होतं. कुणी घ्यावं, ते शिकवायचं राहून गेलं होतं. खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अगं, मी टाकीवर लटकलोय."

"बेल्ट घातलाय ना? मग उगाच काय घाबरवता," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"फिटर," साहेबांचा आवाज चिरकला, "वर ये."

फिटर शिडीपाशी आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. "साहेब, बेल्ट?"

"बेल्ट माझ्या अंगात आहे रे."

"तेच म्हणतोय मी. पोरं लहान आहेत माझी. कायमचं घरी बसून कसं चालेल?"

"कर्मचारी शिस्तीचे आहेत," तपासनीस म्हणाले.

"मी नियम मागे घेतो."

"नियम मागे घेता येत नाही," तपासनिसांनी शांतपणे समजावलं. "तातडीच्या वेळी सूट मात्र देता येते."

"दिली सूट," साहेब म्हणाले. त्यांना आता रडू येत होतं. "बाबा रे, दिली. ये."

फिटरने चपला काढल्या आणि रोजच्यासारखा सरसर वर गेला. साहेबांच्या बुटांखाली खांदा दिला, त्यांचा भार उचलला, खटका मोकळा केला आणि एकेक पायरी धरवत त्यांना खाली आणलं. खाली पाय टेकताच साहेबांनी त्याला मिठी मारली. ती मिठी अगदी खरी होती.

बेल्टमुळे जीव वाचला म्हणून साहेबांचा सत्कार झाला. बेल्ट धुऊन पुन्हा काचेच्या कपाटात गेला. आता तर तो ऐतिहासिक झाला होता, तेव्हा कुलूपही मोठं आलं. फिटरचंही भलं झालं. त्याला दिलेली सूट कायम करण्यात आली. पाणी रोज लागतं, म्हणून तातडीही रोजचीच असते. पहाटे तो चढतो आणि घरी त्याची बायको, तो परत येईपर्यंत, चहा तसाच ठेवून दाराशी बसते.

पाणी जरा उशिरा आलं की कार्यालयाचा फोन घणघणतो. फिटरने बेल्ट घातला होता का, हे विचारणारा एकही फोन अजून आलेला नाही. नंबर तर तुमच्याकडे आहेच.