चाळीस टक्क्यांची हवा

गुरुवारपर्यंत घरातली हवा सुधारून दाखवते, असं मंजिरीने रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात धरून जाहीर केलं. आवाज इतका ठाम होता की हवा म्हणजे जणू तिच्या हाताखाली काम करणारा आळशी कारकून, दोन शब्द सुनावले की सरळ होईल. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या बाईला एका घरातली हवा म्हणजे काय मोठं!

पण त्यामागचं कारण गंभीर होतं: त्या दिवशी तिच्या लेकीच्या, अन्वीच्या उशीवर रक्ताचे दोन ठिपके सापडले होते. अन्वी दीड वर्षाची. लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये नोव्हेंबरात हीटिंग सुरू झालं तेव्हापासून पोरीचे ओठ फुटलेले, गाल खरखरीत, नाक सुकलेलं, आणि आता हे. डॉक्टरीणबाईंनी नाकात डोकावून सांगितलं होतं की हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते, थोडा ओलावा ठेवा, काळजीचं काही नाही. ‘काळजीचं काही नाही’ एवढं ऐकलं की मंजिरीला हमखास काळजी लागायची.

त्यात सासूबाई. राजश्रीबाई तीन महिन्यांपूर्वी नागपूरहून आल्या होत्या आणि येत्या शनिवारी परत निघणार होत्या. उशीवरचे ठिपके पाहून त्यांनी शांतपणे तोडगा काढला.

“मी घेऊन जाते नं हिला सोबत. होळीपर्यंत राहील माझ्याजवळ. उन्हात खेळेल, नाक आपोआप बरं होईल.”

मंजिरीने यशोधनकडे पाहिलं. नवरा या नात्याने त्याने तिथल्या तिथे विरोध करायला हवा होता. तो मोबाइलकडे बघत होता आणि मोबाइलवर विमान कंपनीचं पान उघडलेलं होतं. तसंही फेब्रुवारीपासून तुझं ऑफिस सुरू होतंय, दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. आईच्या तिकिटावर अन्वीला जोडायचं तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

दोन महिने! मंजिरी पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली तरी येऊन आधी अन्वीचा श्वास बघायची. म्हणून तिने तिथेच अट घातली. घरातल्या आर्द्रतेचा मीटर सत्तावीस टक्के दाखवत होता. गुरुवारी संध्याकाळी सहाला त्याने चाळीस दाखवले तर अन्वी इथेच राहील. नाही दाखवले तर... पुढचं वाक्य तिने पोह्यांबरोबर गिळलं.

“मला काय,” राजश्रीबाई म्हणाल्या, “पोरीचं नाक बरं झालं म्हणजे झालं.”

सोमवारी ह्युमिडिफायर आला. पाण्याची बारीक वाफ सोडणारं हे पांढरं यंत्र मंजिरीने अन्वीच्या खोलीत कपाटावर देवासारखं मांडलं. चार लिटरची टाकी भरली, बटण दाबलं आणि मीटरसमोर मांडी घालून बसली. सत्तावीस. तासाभराने अठ्ठावीस. तिला इतका आनंद झाला की तिने यशोधनच्या ऑफिसात फोन केला. फोन ठेवून वळते तो पुन्हा सत्तावीस.

मंगळवारी सकाळी टाकी रिकामी होती आणि मीटर सव्वीसवर. चार लिटर पाणी गेलं कुठे? खोली तेवढीच, खिडक्या बंद, गालिचा कोरडा, अन्वी कोरडी. मंजिरीने भिंतींना हात लावून पाहिला. भिंतीही कोरड्या ठणठणीत. पदार्थ नाहीसा होत नाही असं ती सहा वर्षं शिकली होती. वॉटफर्डमध्ये तो होत असावा.

मग तिने मोहीम वाढवली. घर तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरवर ओला टॉवेल आला. टॉवेलखाली पाण्याचं पातेलं आलं. पातेली संपली तेव्हा कुकरचे डबे आले, आणि डबे संपल्यावर यशोधनचा क्रिकेटमधला चषकही पाणी घालून हॉलमध्ये उभा राहिला. मीटर पंचवीस!

आता संशय मीटरवर. तिने आणखी दोन मागवले. एक म्हणे पंचवीस, दुसरा एकतीस, तिसरा बावीस. यशोधनने तिन्हींची सरासरी काढून दिली. त्याचा उपयोग एवढाच झाला की घरात आता चार आकडे झाले.

या सगळ्या गोंधळात राजश्रीबाईंचाच काय तो आधार होता. मंजिरी रोज दुपारी अन्वीला लायब्ररीतल्या बडबडगीतांच्या वर्गाला घेऊन जायची. परत येऊन बघावं तर ह्युमिडिफायरची टाकी काठोकाठ.

“मी भरलं गं पाणी,” सासूबाई सांगायच्या. “तू नको जिने चढू-उतरू.”

मंजिरीला भरून यायचं. नातीला घेऊन जायचंय, तरी पाणी भरतायत. आपण उगाच त्यांच्याबद्दल मनात वाकडं आणलं.

बुधवारी मात्र घराला वास यायला लागला. आंबूस, जुना, कुठूनसा. मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर वरदाने बुरशी सांगितली, तनयाने भिंतीत मेलेला उंदीर सांगितला आणि कोणीतरी नुसताच हात जोडल्याचा इमोजी पाठवला. त्याच दिवशी अन्वीच्या खोलीच्या भिंतीतून एक अखंड घुर्रर्र असा आवाज येतोय हेही तिच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडे एअरिंग कपबर्ड होतं, म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेलं, कपडे उबेला ठेवायचं जिन्यावरचं कपाट. सध्या तिथे राजश्रीबाईंचं परतीचं सामान होतं आणि ते उघडू नकोस, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. नातीसाठी काहीतरी लपवलं असेल म्हणून मंजिरीने कधी दार ढकललं नव्हतं.

आंबूस वास, भिंतीत घरघर, हवेतलं पाणी गायब. रात्रभर विचार करून तिने निष्कर्ष काढला: बॉयलर बिघडलाय आणि तोच हवा पितोय. केमिस्ट्रीच्या पुस्तकात असं काही नव्हतं, पण पुस्तक पुण्यात होतं.

गुरुवारी सकाळी साडेअकराला बॉयलरवाला आला. बॅरी नावाचा, साठीचा, गुडघे धरून जिने चढणारा. बॉयलर तपासून तो उत्तम असल्याचं त्याने सांगितलं आणि गरम पाण्याची टाकी बघायला कपाटाकडे वळला. राजश्रीबाई खालून ‘नो, नो’ करत धावत आल्या, पण बॅरीने तोवर दार उघडलं होतं.

त्याने आत डोकं घातलं. मग अतिशय सभ्यपणे इंग्रजीत म्हणाला, “हे इन्सुलेशन आहे का?”

आत फळ्यांवर जुनी चादर अंथरली होती आणि चादरीवर ओळीने पांढरी जाळीदार वेटोळी मांडली होती. कुरडया! दोनशे तरी असतील. खाली झाकलेल्या बादलीत गहू भिजत होते. वासाचा उंदीर तोच. आणि कोपऱ्यात घरमालकाने ठेवलेलं एक करडं यंत्र घुरघुरत होतं. डिह्युमिडिफायर. हवेतलं पाणी शोषून घेणारं.

राजश्रीबाईंनी डोक्यावरची लोकरीची टोपी सारखी केली. यशोधननेच एकदा सांगितलं होतं म्हणे, की या यंत्राने कपडे वाळतात. कपडे वाळतात तर कुरडया का नाही वाळणार? इथे ऊन तर पडत नाही. मग सोमवारपासून, मंजिरी लायब्ररीत गेली की त्या आधीच भिजवून ठेवलेल्या गव्हाचा चीक शिजवायच्या, नागपूरहून आणलेल्या सोऱ्याने कुरडया घालायच्या आणि दार बोटभर उघडं ठेवून यंत्र लावायच्या. वारा खेळता हवा नं.

“आणि यात जमणारं पाणी?” मंजिरीने विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“ते होय, ते तुझ्या मशीनमध्ये ओतत होते,” राजश्रीबाई म्हणाल्या. “इतकं स्वच्छ पाणी फेकून द्यायचं का?”

बॅरीला अर्थ सांगावा लागला. त्याने एका यंत्राकडे बोट केलं, मग दुसऱ्या यंत्राकडे, मग हवेत एक मोठा गोल काढला. “म्हणजे सोमवारपासून एकच पाणी फिरतंय,” तो म्हणाला. त्याच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याने असं काही पाहिलं नव्हतं आणि पाहायला मिळालं म्हणून तो मनापासून खूश दिसत होता. जाताना त्याने एक वाळलेली कुरडई नमुना म्हणून मागून घेतली.

दार बंद झाल्यावर मंजिरीने इतका वेळ अडवून ठेवलेला प्रश्न विचारला.

“आई, तुम्ही हे मुद्दाम केलंत का? आकडा चढू नये म्हणून?”

राजश्रीबाईंचा चेहरा खरोखरच गोंधळला. आकडा आणि कुरडई यांचा काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“तुझ्यासाठी केल्या,” त्या म्हणाल्या. “पोरगी माझ्यासोबत येणार, घर रिकामं रिकामं होणार तुझं. संध्याकाळी वरणभातासोबत दोन तळून घेशील म्हटलं. तुला आवडतात नं.”

मंजिरीने खाली बसून करड्या यंत्राचं बटण बंद केलं, कारण उभं राहून तिला नीट दिसत नव्हतं.

आणि आकडा हलला. एक वाजता एकतीस, तीन वाजता अडतीस, पावणेचारला बेचाळीस! मंजिरीने अन्वीला कडेवर घेऊन तिन्ही मीटरना प्रदक्षिणा घातली. इथे थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला बेचाळीसवर विश्वास नव्हता. मीटर चुकला तर? सहाच्या ठोक्याला उतरला तर? तिने टॉवेल पुन्हा भिजवले. सासूबाईंना झाल्या प्रकाराची इतकी टोचणी लागली होती की त्यांनी सुनेला न विचारता चारही शेगड्यांवर पाणी उकळत ठेवलं आणि कुकरची शिट्टीही काढून टाकली.

सहाला पाच कमी असताना यशोधनने दार उघडलं, तेव्हा आतून वाफेचा लोट रस्त्यावर आला. खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ, लग्नाच्या फोटोवर धुकं, हॉलमधल्या वॉलपेपरचा एक कोपरा मान टाकलेला. वर स्मोक अलार्म केकाटत होता आणि त्याच्याखाली राजश्रीबाई सुपाने वारा घालत होत्या. मधोमध अन्वी ओल्या गालांनी, नाकातून मस्त शेंबूड गाळत, टाळ्या वाजवत होती. शेंबूड बघून मंजिरीला आयुष्यात कधी इतकं समाधान झालं नव्हतं.

“किती?” यशोधनने ओरडून विचारलं.

“ब्याऐंशी,” मंजिरी म्हणाली.

चाळीसच्या वर म्हणजे चाळीसच्या वर. राजश्रीबाईंनीच निकाल दिला की हवा झकास झाली, पोरीचं नाकही वाहतंय, आता तिला कुठे न्यायची गरज नाही. यशोधनने निमूटपणे मोबाइलवरचं पान मिटलं. मंजिरीने अन्वीच्या केसांत तोंड लपवलं.

तेवढ्यात राजश्रीबाई वर कपाटाकडे गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. कुरडया साऱ्या भिजून लोळागोळा झाल्या होत्या. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. अर्धवट काम टाकून त्या कधी कुठून उठल्या नव्हत्या, आणि या घरातून तर नाहीच उठणार होत्या. बादलीतले गहू उद्या वाटता येतील, असं त्यांनी जाहीर केलं आणि शनिवारचं आपलं तिकीट पुढे ढकलायला मुलाला सांगितलं.

“कधीपर्यंत, आई?” यशोधनने विचारलं. “कुरडया वाळायला किती दिवस लागतात?”

राजश्रीबाईंनी ओघळणाऱ्या खिडकीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“ते काय आपल्या हातात आहे?” त्या म्हणाल्या. “हवेवर असतं ते.”

आणि हवा तर मंजिरीने स्वतःच सुधारून ठेवली होती.