आ करा

राही दहा वर्षांची आहे, याबद्दल वाडीत कुणालाही शंका नव्हती. शंका शासनाला आली, आणि तीही रीतसर अर्ज केल्यावर.

संगमेश्वरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली ही मुलगी चौथी पास झाली. पाचवीला हायस्कुलात जायचे आणि मैत्रीण सानवीच्या बाकावर बसायचे, एवढीच तिची मागणी होती. हायस्कुलाने जन्मदाखला मागितला. त्यावर जन्मवर्ष २०१५ ऐवजी २०५१ छापलेले निघाले. म्हणजे राहीला जन्माला यायला अजून पंचवीस वर्षे अवकाश होता, आणि न जन्मलेल्या विद्यार्थिनीला प्रवेश देण्याची तरतूद नियमात नव्हती.

"साहेब, मीच तिला जन्म दिलाय," तिची आई सुनंदा रत्नागिरीच्या वयनिश्चिती कक्षात म्हणाली. "भाद्रपदात अकरा पुरी होतील."

"आपण हितसंबंधी व्यक्ती आहात," कक्षाधिकारी गंगाराम भातडे सौम्यपणे म्हणाले. "आईचा जबाब ग्राह्य नाही. दात मात्र खोटं बोलत नाहीत."

त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केले. दात किती, वय किती, सगळे ओळीने लिहिले होते. शेवटच्या दोन ओळी अशा: 'अठ्ठावीस दात: बारा ते सतरा वर्षे. बत्तीस दात: सज्ञान.' खाली भातडेसाहेबांचीच सही होती.

सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टर दीप्ती यांनी राहीला खुर्चीत बसवले, "आ कर" म्हटले, छोटा आरसा घालून दात मोजले, फोटो काढला. मग सुनंदाला समजावले, "राहीला डाऊन सिंड्रोम आहे. या मुलांचे दात उशिरा येतात, क्रम चुकतो, काही तर येतच नाहीत. तक्ता लावला तर ती आठची दिसेल. मी तसं स्पष्ट लिहिते." आणि त्यांनी लिहिले: 'दातांवरून वय आठ दिसते, पण ते खरे नव्हे, मुलगी दहा वर्षांची असणे पूर्णपणे शक्य आहे.'

दुर्दैवाने कक्षाच्या संगणकात शेऱ्याच्या रकान्यात चारच शब्द मावत. दाखला छापून आला: 'दातांवरून वय आठ दिसते.'

आठ वर्षांची मुलगी चौथी पास झाली याचा अर्थ तिला चौथ्या वर्षीच पहिलीत घेतले होते. वाडीच्या गुरुजींना खुलाशाची नोटीस गेली.

राहीला मात्र या प्रकरणात भलताच रस वाटू लागला होता. दवाखान्यातून आल्यावर तिने एक जुना आरसा मिळवला आणि वाडीतल्या एकूण एक माणसाला "आ करा" म्हणून दात मोजायला सुरुवात केली. घरच्या केरूआजोबांचे चार भरले. "आजा तान्हा हाय," तिने निकाल दिला. त्या रात्री आजोबांनी खुशीत मऊ भात मागून घेतला.

सुनंदा पुन्हा कक्षात गेली. भातडेसाहेब काही दुष्ट नव्हते. "पडलेल्या दुधाच्या दातांचा पुरावा आणा," ते म्हणाले. "दर दातामागे तीन महिने वाढवून देतो."

"अवो सायेब," सोबत आलेले केरूआजोबा म्हणाले, "दात काय कोन डब्यात ठेवतंय? पडला का कौलावर टाकायचा. तिनंबी टाकलान."

"मग कौलांचा पंचनामा करू."

दोन कर्मचारी, एक शिडी आणि दोन पंच वाडीत आले. सोळा कौले फुटली. अठरा दात सापडले. त्यांत राहीचे होते, तिच्या मुंबईला नोकरीत असलेल्या बाबांचे होते, आत्यांचे होते, आणि एक तर केरूआजोबांनी ओळखीचा म्हणून हातात घेतला. कुठल्याही दातावर नाव लिहिलेले नसल्याने पंचनामा निष्फळ ठरला. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून कौले मात्र घरच्यांनीच बसवून घेतली.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सुनंदा राहीला घेऊनच कक्षात गेली. राहीने नव्या शाळेचा निळा झगा घातला होता. तो परत करायला लागेल, हे तिला सांगायचा धीर आईला झाला नव्हता. भातडेसाहेब अर्ज निकाली काढायला पेन उघडत होते. राही आरसा घेऊन पुढे झाली.

"आ करा."

आवाजात हुकूम होता. हुकूम पाळायची साहेबांना तीस वर्षांची सवय. त्यांनी आ केला. राहीने एकेका दाताला बोट लावत, न चुकता मोजले.

"अठ्ठावीस!"

सुनंदाने तक्त्याकडे पाहिले. मग साहेबांकडे पाहिले. "साहेब, तुम्ही अजून सज्ञान झाला नाहीत."

"काहीतरीच! माझ्या अक्कलदाढा आल्याच नाहीत. पुष्कळांना येत नाहीत. त्याचा वयाशी काय संबंध?"

"डॉक्टरांनी राहीबद्दल हेच लिहिलंय. तुमचाही शेरा टाकूया की," सुनंदा बोटांवर मोजत म्हणाली. "साहेबांना अक्कलदाढ आलेली नाही. चारच शब्द. मावतात."

साहेबांनी उघडलेले पेन बंद केले. अज्ञानाच्या सहीला कायद्याने किंमत नसते, हे भातडेसाहेबांना सगळ्यांत आधी कळले. तासाभरात परिपत्रक निघाले: 'दात व वय यांचा परस्परसंबंध यापुढे जोडू नये.' राहीचे वय आईच्या सांगण्यावरून दहा लागले. ती आता सानवीच्या बाकावर बसते आणि मधल्या सुट्टीत बाईंचे दात मोजते. सुनंदाला इतका आनंद झाला की तिने फुटलेल्या कौलांचा विषयही काढला नाही.

एक बारीक अडचण उरली आहे. परिपत्रकावर सही भातडेसाहेबांचीच आहे, आणि गेल्या एकोणीस वर्षांत जिल्ह्यातल्या हजारो वयाच्या दाखल्यांवरही तीच आहे. परिपत्रक 'यापुढे' म्हणते, म्हणून त्या मागच्या सगळ्यांची फेरतपासणी जुन्याच तक्त्याने होणार आहे. तेव्हा आपण आत्ताच जीभ मागे नेऊन मोजून घ्यावे. अठ्ठावीसच भरले, तर कार्यालयात येताना कृपया पालकांना सोबत आणावे.