बायजामावशीचे डबे

बायजामावशी कापड रंगाने लावत नसे, घराण्याने लावी. बेलापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून तिची खोली होती. शिलाईचं मशीन, एक खाट, आणि भिंतीशी तुपाच्या रिकाम्या डब्यांची उतरंड. ज्या घराचं काही शिवलं, त्याचा उरलेला तुकडा त्या घराच्या डब्यात जाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. डब्याच्या कडीला त्याच घराची एक चिंधी बांधली की तिचं काम झालं.

भांडणारी घरं ती शेजारी ठेवत नसे. आमच्या आळीतल्या दोन भावांनी बांधावरून बोलणं टाकलं, तेव्हा मावशीने थोरल्याचा डबा उचलून खाटेखाली नेला. मी हसलो, तर म्हणाली, "हसू नका मास्तर. कापडालाबी कळतं." पुढे एका लग्नात ते भाऊ एकाच पंगतीला बसले आणि दुसऱ्या दिवशी डबे पुन्हा शेजारी आले. माझी पत्नी सुमती म्हणे, गावची बातमी हवी तर मावशीची भिंत बघावी.

वेड खरं, पण दुष्काळात ते कामाला आलं. खडी फोडून लोकांचे सदरे, चोळ्या खांद्यावर विरल्या. मावशी ज्याच्या त्याच्या डब्यातून त्याच कापडाचं ठिगळ काढून लावी. "ठिगळ दिसलं का गरिबी दिसती," एवढंच बोले. डोळे मिटूनही हवा तो तुकडा तिच्या हाताला लागायचा.

त्याच हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन सुमती गेली. आजारी पडण्याआधी तिने एक हिरवा, तांबड्या काठाचा खण मावशीकडे पोलक्यासाठी टाकला होता. श्रीरामपूरच्या बाजारात अर्धा दिवस हिंडून निवडलेला. तिने हौसेने घेतलेली ती शेवटची वस्तू. दिवस-कार्य आटोपल्यावर मी तो मागायला गेलो. शिवू नका, तसाच द्या, म्हणालो.

मावशीने दोन डबे उघडले, झाकले. "सापडंना बगा. रविवारी या."

रविवारी गेलो. नव्हता सापडला. तिने बसवून गुळाचा चहा दिला. पुढच्या रविवारी चहाबरोबर भाकरी आली. शाळा सोडली तर मी कुठे जात नव्हतो, कुणाशी बोलत नव्हतो. रविवारी मात्र तिच्या खाटेवर बसून कुणाचा डबा कुठे सरकला ते ऐकत राहायचो. तरी आत राग होता. साऱ्या गावाच्या चिंध्या सांभाळणाऱ्या बाईने नेमका हाच खण हरवावा?

एका रविवारी गेलो, तेव्हा ती पाण्याला गेली होती. दार उघडंच होतं. मी बसलो. कोपऱ्यात एकच डबा बिनचिंधीचा होता. तो तिच्या स्वतःच्या घराचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन तरुणपणी वारलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याचे तुकडे त्यात होते, दुसरं काही नाही. त्याला कुणी हात लावत नसे.

त्या दिवशी त्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. फटीतून तांबडा काठ दिसत होता.

मी झाकण उचललं. विटक्या पांढऱ्या तुकड्यांवर सुमतीचा खण होता, चौघडी घालून, मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवलेला.

बाहेर मावशीची चाहूल लागली. मी झाकण दाबून घट्ट बसवलं आणि खाटेवर येऊन बसलो.

तिने घागर उतरवली, पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजबी न्हाई सापडला, मास्तर."

"असू द्या," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."