शांतीने आणलेलं कुलूप

माझी बायको शांती गेली त्याच्या दहाव्या दिवशी कळलं, की तिच्या पेटीची चावी मी स्वतःच्या हाताने तापीत सोडली.

दहाव्याला आम्ही तापीकाठच्या प्रकाशा गावी गेलो होतो. तिचं रोजचं लुगडं नदीत सोडायचं होतं. मी सोडलं. ते फुगलं, दोनदा गोल फिरलं आणि गेलं. घाट चढताना माझी वहिनी मीनाबाई म्हणाली, "भाऊजी, त्या पदरले गाठ व्हती. हातले काहीतरी कडक लागनं व्हतं."

"कडक म्हंजे काय?"

"चावी व्हई! पेटीनी!"

मी मागे वळून पाहिलं. तापी होती. लुगडं नव्हतं.

माझा जावई लोटन खापरहून आला होता. तो एकटाच आला होता, कारण माझी रंजना बाळंतीण होती. बाळ बारा दिवसांचं. आईचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही. तिने लोटनजवळ निरोप दिला होता : 'मायने आखाजीसाठी मला लुगडं घेऊन पेटीत ठेवलंय. मी आखाजीला येईन, ते नेसेन आणि मग तिची घागर भरेन. तोवर पेटी फोडू नका.' आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया; गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी घागर भरतात.

लोटन घाबरून म्हणाला, "नाना, आते कसं?"

"कसं म्हणजे? तिले सांग, तू येशी तवय लुगडं घडी करीसन खाटवर ऱ्हाई!"

मी असं छातीठोक बोललो त्याला कारण होतं. शहादे तालुक्यात मी न उघडलेलं कुलूप नव्हतं! बावीस वर्षं मी कापसाच्या जीनमध्ये मिस्तरी होतो. दुपारच्या सुट्टीत लोक विड्या ओढायचे, मी कानस घेऊन बसायचो. छत्रीची काडी, सायकलच्या चाकाची तार, करवतीचं तुटकं पातं, काहीही चालतं. घासायचं, टोक वाकवायचं, झाला आकडा. असे एकतीस आकडे माझ्याकडे आहेत. कुणाची चावी हरवली की आमच्या कळसाडी गावात आधी मला हाक मारतात. मी एक पैसा घेत नाही. चहा घेतो.

चोरी म्हणाल तर एकच केली, ती गुळाची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शांतीने गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. मी तार घासून ते उघडलं आणि गूळ खाऊन परत लावलं. ती पुढच्या बाजारी नवीन कुलूप घेऊन आली. ते चार दिवस टिकलं. मग तिसरं आणलं. असं सत्तावीस वर्षं चाललं! इतर बायका बाजारातून बांगड्या आणायच्या, माझी बायको कुलपं आणायची. मी उघडलं, की जेवताना फक्त विचारायची, "काय मिस्तरी, गूळ गोड लागना का?"

शेवटचं कुलूप तिने मागच्या दिवाळीत आणलं आणि पेटीला लावलं. पितळेचं, हाताच्या पंजाएवढं. मधोमध भोक असं मोठं, की त्यात मुंगळा सहकुटुंब राहील. ते भोक पाहूनच मला हसू आलं होतं. पण दिवाळीनंतर ती आजारी पडली आणि मी कुलपाकडे पाहिलं नाही.

प्रकाशाहून आल्यावर पाय धुतले आणि पेटीसमोर बसलो. म्हटलं, एका बिडीचं काम.

एक बिडी संपली. बंडल संपलं. माघ संपला!

एकतीसच्या एकतीस आकडे घातले. बत्तिसावा नवीन केला. आकडा आत जायचा आणि रिकाम्या घरात पाहुणा फिरावा तसा फिरून परत यायचा. कुठे काही अडकायचंच नाही. मीनाबाई भाकरी घेऊन यायची आणि दारातून बघायची.

"भाऊजी, घण मारा ना एक."

"घण मारणारे लोहार असतात. मी मिस्तरी आहे."

खरं सांगायचं तर घण दोनदा उचलला होता. ती पेटी शांतीने माहेरहून आणलेली. ती जिवंत असताना मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, आता तिच्या पेटीवर घण कसा घालू? शिवाय फोडलं असतं तर ती जिंकली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

होळी झाली. आखाजी दीड महिन्यावर आली. मग मी मान खाली घालून शहाद्याला सत्तारभाईकडे गेलो. कुलपं विकणारा आणि दुरुस्त करणारा तो एकच. शांतीची सगळी कुलपं त्याच्याकडची. त्याने मला बसवलं, चहा मागवला, शांतीसाठी हात वर करून दुआ मागितली. मग मी विषय काढला.

"वो अलीगढवाला?" सत्तारभाई म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"कसं उघडतं ते?"

"मिस्तरी, और कुछ भी पूछो. भाभी को जबान दी है मैंने. बोली थी, ये आदमी को नहीं बताना."

"अरे, ती गेली आता!"

"इसलिए तो," तो म्हणाला. "अब जबान वापस किससे मांगू?"

मी उठलो. मग त्यालाच माझी दया आली. म्हणाला, तसली दोनच कुलपं आली होती. एक भाभींनी नेलं, दुसरं तुमच्याच गावात गिरधरने नेलं, भांड्यांच्या खोलीला लावायला.

भांड्यांची खोली म्हणजे गावाची लग्नाची भांडी ठेवायची जागा. मोठे टोप, पराती, घंगाळी, दीडशे पेले. गिरधर ती सांभाळतो. कुलूप उघडताना तो दाराला पोट लावून उभा राहतो, कुणाला काही दिसू देत नाही. गिरधरला विचारायचं? छे! आदल्याच वर्षी मी चावडीवर चारचौघांत त्याला म्हणालो होतो, "गिरधर, तुन्हं कुलूप म्हंजे सदरानी गुंडी!" आता त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?

ठरवलं, की त्या कुलपावर गुपचूप हात बसवायचा. भर दुपारी निघालो. चैत्रातलं ऊन, कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही. दोन आकडे लावले, डोळा लावला. तेच रिकामं घर, तोच पाहुणा! दोन महिन्यांचा राग आला आणि मी कुलूप धरून एकच हिसका दिला.

कुलूप उघडलं नाही. कोयंडाच उपटून आला! दार जुनं, लाकूड वाळवीने खाल्लेलं. तोल सावरायला दाराला टेकलो आणि दाराबरोबर आत गेलो. दारामागे टोपांची उतरंड होती. ती आली. तिच्यामागून पराती आल्या. त्यांच्यामागून दीडशे पेले एकेक करून सावकाश आले. वरातीतसुद्धा एवढा आवाज ऐकला नव्हता!

आवाज थांबला तेव्हा मी घंगाळ्यात बसलो होतो आणि अर्धा गाव दारात उभा होता. पुढे गिरधर.

"भाईदासनाना! आठे काय करी ऱ्हायनात?"

इथे माझं चुकलं. 'कुलूप उघडता येत नाही' एवढे चार शब्द बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. पण ते चार शब्द मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तोंडातून निघालं, "भांडी दखाले ऊन्थू."

"भांडी? कोनं लगीन शे?"

माझ्या घरात लग्नाचं राहिलेलं कुणीच नव्हतं. मी सोडून.

गिरधरचे डोळे मोठे झाले. मग बारीक झाले. मग त्याने पुढे होऊन हात देऊन मला घंगाळ्यातून उठवलं. फार आदराने उठवलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. दहाव्याला माझं मुंडण करणारा न्हावी म्हणाला, "डोकं चांगलं भरी ऱ्हायनं, नाना. मिशी काळी करी देऊ का?" मीनाबाईने भाकरी आणणं बंद केलं. चौथ्या दिवशी गिरधर स्वतः आला, पेढे घेऊन. त्याची मावसबहीण तळोद्याला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. स्वभाव गरीब. दात सगळे शाबूत.

"गिरधर, तुझा गैरसमज झालाय."

"लाजू नका. एकटा मानूसना काय जीव ऱ्हास? आखाजीनंतर पाव्हणा बलावतस."

मी 'नाही, नाही' म्हणालो. तो म्हणाला, "पहिलांदा सगळाच नही म्हनतस!" आणि पेढे ठेवून गेला. मी दार लावून परत पेटीसमोर बसलो. थकलो होतो. लग्न मोडणं नंतरचं, आधी लुगडं निघायला हवं होतं.

पण बातमी माझ्यापुढे होती. खापरच्या बाजारात ती पोचली तेव्हा तिला पाय फुटले होते : भाईदासमिस्तरी पाट लावतोय, भांडी काढलीत, आणि नव्या बायकोला नेसवायला पहिलीचं लुगडं काढायला रात्रंदिवस पेटीला तारा घालतोय!

आखाजीच्या आदल्या दिवशी यष्टीतून रंजना उतरली. कडेवर माझा नातू, मागे पिशव्या घेऊन लोटन. मी नातवाला घ्यायला हात पुढे केले. तिने बाळ मीनाबाईकडे दिलं आणि घरात जाऊन पेटीवर बसली.

"मन्ही मायना लुगडाले हात लावाना नही!"

"बेटा, ऐक तरी."

"काय आयकू? माय जाईसन तीन महिना व्हयनात, नाना! तीन! मी तिन्हं तोंड बी नही दखं. एक लुगडं ऱ्हायनं शे मन्हं, ते बी तिले?"

"तिला म्हणजे कुणाला?"

"तळोदावालीले!"

दारात माणसं जमली होती. गिरधर होता, मीनाबाई होती, न्हावीसुद्धा होता. रंजना रडत होती, आणि रडताना तिची हनुवटी शांतीसारखी थरथरत होती. मी एकतीस आकड्यांची पिशवी तिच्या पायाशी ठेवली. बत्तिसावाही ठेवला.

"माले उघाडता येत नही," मी म्हणालो.

"काय?"

"हाई कुलूप. माले उघाडता येत नही. तुले शब्द दिन्था म्हनीसन रोज बसस. गिरधरनी खोलीवर बी त्यानाच करता गयथू. नवरी बिवरी कोनी नही."

आधी न्हावी हसला. मग सगळा दरवाजा हसला! गिरधर दाराची चौकट धरून हसत होता. मीनाबाईने तोंडात पदर कोंबला. सत्तावीस वर्षांची इज्जत एका वाक्यात गेली. पण रंजना पेटीवरून उठली.

"कितला दिन बठनात?" तिने विचारलं.

"माघपासून."

"त्या भोकमा आकडा घालीसन?"

"मग कुठे घालू?"

तिने डोळे पुसले. माझ्याकडे पाठ केली, पेटीला पोट लावून खाली बसली. टक्क आवाज झाला. वळली तेव्हा कुलूप तिच्या एका हातात होतं आणि दुसरा हात रिकामा होता. चावी नाही, तार नाही, काही नाही!

"चावी?"

"याले चावी नही, नाना. ते भोक खोटं शे."

"मग पदराची गाठ?"

"सुपारी व्हई. माय पदरमा कायम सुपारीच बांधे."

तीन महिने मी चावी नसलेल्या कुलपाच्या खोट्या भोकात तारा घालत होतो, आणि तापीची माफी मागत होतो एका सुपारीसाठी!

लुगडं हिरवं होतं, लाल काठाचं. रंजनाने ते तोंडाला लावलं. मी नातवाला घेऊन बाहेर आलो. ओट्यावर गिरधर बसला होता.

"मंग नाना, पाव्हणास्ले काय सांगू?"

"सांग, माणूस कामाचा निघाला नाही. एक कुलूप उघडत नाही त्याला."

"हाई पटी त्यास्ले," तो म्हणाला. कोयंडा मात्र त्याने माझ्याकडूनच बसवून घेतला.

आखाजीला रंजनाने ते लुगडं नेसून शांतीची घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. आठ दिवस राहिली. निघायच्या दिवशी मी विचारलं, "बेटा, ते कुठे दाबायचं तेवढं सांगून जा."

ती पेटीजवळ गेली. परत पाठ केली. परत टक्क! कुलूप लागलं.

"मायनी सांगेल शे, नानाले दखाडू नको. त्यास्ले काहीतरी काम पाहिजे."

यष्टी आली, ती गेली. पेटीत शांतीची आणखी तीन लुगडी आहेत, ती मीनाबाईला द्यायची आहेत. आता मी भोकात तार घालत नाही. कुलपाच्या अंगावर अकरा खिळे आहेत, ते एकेक दाबून पाहतो, मग दोन-दोन मिळून दाबतो. जेवण झालं की तासभर बसतो. ते कुलूप अजून उघडायचं राहिलं आहे.